साई शरबती लिंबावर खैऱ्या दरवर्षी परत येतो, तेव्हा काय तपासायचं

लक्षणं आधी.

जून-जुलैचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की नवतीवर, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीवर, टाचणीच्या टोकाएवढे पाणीदार ठिपके दिसू लागतात. आठ-पंधरा दिवसांत ते फुगून वर येतात, तपकिरी आणि खरखरीत होतात, भोवती पिवळं वलय धरतं. पान उलटून पाहिलं तर त्याच जागी खालच्या बाजूलाही फोड असतो. कोवळ्या काड्यांवर त्याच रंगाच्या खपल्या, फळाच्या सालीवर मध्ये तडकलेले खडबडीत चट्टे. फळ कापलं तर आतल्या फोडी आणि रस शाबूत असतो, कारण रोग सालीच्या आत जात नाही. तरीही बाजार समितीत तो माल डागी म्हणून वेगळा काढला जातो आणि भाव पडतो. प्रादुर्भाव वाढला की पानगळ होते, लहान फळं गळतात, काड्या शेंड्याकडून वाळत येतात.

हा खैऱ्या, झँथोमोनास सिट्री या जिवाणूचा. साध्या कागदी लिंबावर तो यायचाच. तक्रार येते ती साई शरबतीवर आला की. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा हा वाण खैऱ्या आणि ट्रिस्टेझा हा विषाणूजन्य रोग या दोन्हींना बऱ्यापैकी तग धरतो, म्हणून लोक तो शोधून लावतात. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी बागेत खपल्या दिसल्या की पहिला संशय वाणावर जातो आणि दुसरा हात औषधाच्या दुकानाकडे. दोन्ही घाईचं आहे. तग धरणाऱ्या वाणात रोग शिरायला अवघड जातं, शिरला तरी फोड कमी आणि लहान राहतात. पण जखम उघडी असेल, पान कोवळं असेल आणि शेजारी जुना फोड असेल तर तो शिरतोच. त्यामुळे रोग आत कुठून येतोय ते आधी शोधायचं. फवारणी त्यानंतर.

१. खैऱ्याच आहे ना?

खर्च शून्य. बोटाने पान चाचपा. खैऱ्याचा फोड दोन्ही बाजूंनी हाताला लागतो. बाकीचे बहुतेक डाग लागत नाहीत.

फळावर करडा-चंदेरी, सपाट, नखाला न अडकणारा पट्टा असेल तर तो कोळी (रस शोषणारी सूक्ष्म कीड) किंवा फुलकिड्यांचा. फळाच्या एकाच, पश्चिमेकडच्या बाजूला पिवळट-तपकिरी कडक चट्टा असेल तर उन्हाचा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की आपल्याकडे, तापीकाठी, तो ठरलेला. पानावरचा काळा थर ओल्या फडक्याने पुसून निघाला तर ती कोळशी, आणि तिच्या मागे काळी माशी किंवा मावा शोधायचा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह किंवा जस्त कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत, म्हणजे वखर फिरवल्यावर पांढरे खडे वर येतात त्या वावरात, हे नेहमीचं. यातल्या एकावरही खैऱ्याचं औषध चालत नाही, आणि कमतरतेच्या पिवळ्या पानांवर तांब्याची फवारणी करत बसलेल्या बागा काही कमी नाहीत.

२. झाडावर आणि बागेत तो नेमका कुठे आहे?

हाही फुकटचा तपास, आणि बहुतेक वेळा उत्तर इथेच मिळतं. एक वही घ्या, ओळीने बाग फिरा आणि रोग असलेल्या झाडांवर खूण करा. मग चित्र वाचा.

पश्चिमेकडच्या दोन-तीन ओळींत जास्त आणि आत कमी होत गेला असेल तर वारा आणतोय. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं, पावसाळी वारा त्यात मोकळा सुटतो. पाऊस नुसता पडला तर जिवाणू खालच्या पानावर टपकतो. वाऱ्याने आडवा मारला तर थेंबाबरोबर पानाच्या रंध्रांतून आत दाबला जातो. फांद्या घासून काटे पानांत घुसतात ते वेगळंच.

बागभर विखुरलेला, पण प्रत्येक झाडावर फक्त नव्या शेंड्यांवर आहे? तर नागअळी. रोगट पानं २० तोडा आणि फोड कुठे आहेत ते पाहा. चंदेरी नागमोडी रेषेवर किंवा तिच्या कडेने ओळीत बसलेले असतील तर शंकेला जागा नाही. अळी जिवाणू वाहून आणत नाही. ती पानाची वरची साल पोखरून सोलते आणि आतला हिरवा गर उघडा पडतो. पुढचं काम पावसाचा थेंब करतो. तग धरणाऱ्या वाणाची ताकद असल्या उघड्या जखमेपुढे फारशी कामाला येत नाही.

एखादंच झाड भरलेलं आणि शेजारची स्वच्छ असतील तर मुद्दा ३ वाचा. तुषार संचाच्या फेऱ्यात येणारी झाडं रोगट आणि ठिबकवरची चांगली, असं असेल तर थेट मुद्दा ६.

३. झाड खरंच साई शरबती आहे का?

फुटव्यांपासून सुरू करा. कलम असेल तर जमिनीपासून वीतभर उंचीवर सांधा दिसतो. सांध्याखालून फुटलेला सरळ, जाड, लांब काट्यांचा पाणसोट म्हणजे खुंट (ज्यावर कलम बांधलं ते झाड), रंगपूर लाईम किंवा जंबेरी. पान वेगळं दिसतं: लिंबाच्या देठाला छोटे पंख असतात, जंबेरीच्या देठाला नावालाच. असा फुटवा दोन पावसाळे राहिला तर अर्धं झाड खुंटाचंच होतं आणि रोग ‘साई शरबतीवर’ आला असं वाटतं. फुटवा वरून छाटू नका, बुडातून काढा. छाटला की एकाचे चार होतात.

रोपं बियांपासूनची असतील तर प्रश्न बिया कुठून आल्या याचा. लिंबाच्या एका बीतून अनेक अंकुर निघतात आणि त्यातले बरेचसे मातृवृक्षासारखेच असतात, म्हणून बियांची रोपं वाईट नसतात. मात्र बाजारातल्या मिसळ लिंबांच्या बिया टाकून तयार केलेलं रोप साई शरबतीच्या चिठ्ठीने विकलं जाऊ शकतं. रोपवाटिकेची परवाना असलेली पावती आणि मातृवृक्षाची नोंद मागा. ती नसेल तर वाणाला दोष देण्यात अर्थ नाही.

वाण खरा असला तरी तो सगळ्या रोगांवर चालेल असंही धरू नका. आपल्या वावळाच्या कुळातल्या एल्म झाडाचंच बघा. डच एल्म रोगाने युरोप-अमेरिकेतली रस्त्याकडेची झाडं ओळीच्या ओळी गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाने १९९५ मध्ये ‘व्हॅली फोर्ज’ आणि ‘न्यू हार्मनी’ हे तग धरणारे वाण दिले. पण एल्म यलोज हा अमेरिकन एल्मचा दुसरा रोग आहे, आणि डच एल्म रोगाला दिलेली टक्कर तिथे उपयोगाची नाही. साई शरबतीचंही तसंच: डिंक्या (बुंध्यातून डिंक वाहणारा रोग), मूळकूज, नागअळी, कोळी यांच्यासाठी ती इतर लिंबांसारखीच एक लिंबोणी आहे.

४. गेल्या वर्षीचे फोड झाडावरच आहेत का?

दरवर्षी परत येणाऱ्या खैऱ्याचं सगळ्यात मोठं कारण हे, आणि सगळ्यात कमी लक्षही याकडेच. जिवाणू मातीत फार दिवस टिकत नाही, गळून कुजलेल्या पानातही नाही. काडीवरच्या जुन्या खपलीत मात्र तो एका पावसाळ्यातून दुसऱ्यात सहज जातो. पहिल्या पावसात ती खपली भिजते, जिवाणू बाहेर झिरपतो आणि खालच्या कोवळ्या पानावर पडतो. तुम्ही जूनमध्ये कितीही फवारा, वरच्या फांदीवरचं साठवण तसंच असेल तर ते धुऊन खाली येतच राहतं.

काम कोरड्या दिवसांतलं. फळ उतरवून झाल्यावर, पाऊस सुरू व्हायच्या आधी, झाड पूर्ण सुकं असताना. ओल्या झाडात सिकेटर (छाटणीची कात्री) घालायचीच नाही. रोग पसरवायची ती हमखास रीत आहे. दव वाळेपर्यंत थांबा.

खपल्या असलेली प्रत्येक काडी खपलीच्या चार बोटं खाली, निरोगी भागात कापा. वाळलेले शेंडे, आत एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या आणि पाणसोट बरोबरच काढा. लिंबोणीला जास्त छाटणी सोसत नाही, एका वेळी पाव झाडापेक्षा जास्त काढू नका. रोग त्याहून पसरलेला असेल तर दोन हंगामांत वाटून घ्या. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं निर्जंतुक करा: घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाणी चार भाग, त्यात बुडवून पुसायचं. ब्लीच लोखंड खातं, म्हणून संध्याकाळी पातं साध्या पाण्याने धुऊन तेलाचा हात फिरवा. दोन सिकेटर असतील तर एक द्रावणात आणि एक हातात, काम अडत नाही.

अंगठ्यापेक्षा जाड कापाला बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. हीच पेस्ट पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्यावर अडीच-तीन फुटांपर्यंत लावली तर डिंक्यालाही आळा बसतो. छाटलेल्या काड्या बांधावर ढीग करून ठेवू नका. त्याच दिवशी जाळा किंवा खोल पुरा. मजूर त्या कुंपणाला टाकून जातात आणि पाऊस उरलेलं काम करतो.

५. नागअळी

मुद्दा २ मध्ये फोड रेषांवर दिसले असतील तरच इथे थांबा. अळी कोवळ्या पानातच जगते, पान पक्कं झालं की तिला जागा नाही. म्हणून फवारणीची वेळ नवती ठरवते, तारीख नव्हे. फूट निघून पानं करंगळीच्या नखाएवढी झाली की पहिली फवारणी, आठ-दहा दिवसांनी दुसरी. पान मोठं होऊन गुंडाळल्यावर केलेली फवारणी वाया.

५ टक्के निंबोळी अर्क स्वस्त आणि पुरेसा: ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबण विरघळवून घालायचा आणि एकूण १०० लिटर करायचं. त्याच दिवशी संध्याकाळी वापरा. अळी भरपूरच असेल तर लिंबूवर्गीय पिकासाठी लेबलवर नोंद असलेलं कीटकनाशक, लेबलवरच्याच मात्रेत. फुलोऱ्यात मधमाश्या फिरत असताना कुठलंही नको.

६. पाणी आणि युरिया

तुषार संच लिंबाच्या बागेत बंद करा. पान भिजतं, थेंब उडतो, रोग चालतो. ठिबक बसवलेलं असतानाही मजूर हंगामाच्या शेवटी पाइप लावून झाडं वरून ‘धुतात’, तेही थांबवा.

युरियाचं गणित साधं आहे. पूर्ण वाढलेल्या लिंबोणीला वर्षाला साधारण ६०० ग्रॅम नत्र लागतं, म्हणजे सुमारे १ किलो ३०० ग्रॅम युरिया, तोही तीन हप्त्यांत, सोबत शेणखत, निंबोळी पेंड, स्फुरद, पालाश. सगळा युरिया पावसाच्या तोंडावर एकदम टाकला की नवती लुसलुशीत आणि लांबलचक निघते, नागअळीला आणि खैऱ्याला एकाच वेळी पान मिळतं.

७. फवारणी का लागत नाही?

वरचं सगळं करूनही फोड येत असतील तर आता द्रावण तपासा. तांबं रोग बरा करत नाही. पानावर थर बसवतं आणि पडणाऱ्या जिवाणूला मारतं, एवढंच. आत शिरलेल्या जिवाणूपर्यंत ते पोहोचत नाही, म्हणून फोड दिसल्यावरची फवारणी त्या पानासाठी उशिराची असते. ती पुढच्या पानासाठी. वाढणारं पान दर दिवसाला नवा उघडा भाग तयार करतं, त्यावर थर नसतो. आपल्याकडे फवारणी निकामी ठरते ती बहुतेक याच कारणाने.

बोर्डो १ टक्का: १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात एका प्लास्टिक टाकीत, १ किलो कळीचा चुना ५० लिटरमध्ये दुसऱ्या टाकीत. मोरचूद रात्रभर फडक्यात बांधून पाण्यात टांगला की सकाळपर्यंत विरघळतो. चुना गाळून घ्या, नाहीतर नोझल चोंदतो. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या टाकीत ओतत ढवळा. लोखंडी किंवा पत्र्याचा पिंप नको, तांबं त्यावर बसतं. तयार द्रावणात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा आहे, पानं करपतील. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत खिळा स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा तपासा. जुना, हवेत राहून भुगा झालेला चुना ताकद सोडतो, किलोला किलो टाकूनही खिळा लाल होतो तो त्यामुळे. द्रावण त्याच दिवशी संपवा, दुसरं औषध त्यात मिसळू नका.

तेवढी उठाठेव नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के, १० लिटरला ३० ग्रॅम. पहिली फवारणी छाटणीनंतर, दुसरी पावसाच्या तोंडावर, पुढे नवती आणि लहान फळं असेपर्यंत १५ ते २० दिवसांनी. मध्ये जोराचा पाऊस झाला तर दिवस मोजत बसू नका, उघडीप मिळताच परत करा. पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे. एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाची गन नुसती वरून फिरवली तर झाड ओलं दिसतं आणि खालून कोरडं राहतं. भर उन्हात तांबं मारू नका. मोरचूद हाताळताना हातमोजे, चष्मा आणि नाकाला फडकं हवंच.

स्ट्रेप्टोसायक्लीनबद्दल: दुकानात बऱ्याचदा तीच पुडी आधी पुढे केली जाते. ते प्रतिजैविक आहे, वारंवार वापरलं की जिवाणू त्याला सरावतो. कृषी तज्ज्ञाने सध्याची परवानगी पाहून लिहून दिल्याशिवाय वापरू नका.

८. वारा अडवणं

खर्च कमी, वेळ जास्त. केळीवाले बांधाला गजराज गवत किंवा शेवरी लावतात तेच इथे चालतं, पश्चिम आणि नैर्ऋत्येला. शेवरी एका पावसाळ्यात माणसापेक्षा उंच होते. कायमची ताटी हवी तर बांबू किंवा सरू, पण लिंबाच्या ओळीपासून निदान १५ फूट लांब. जवळ लावले तर पाणी आणि अन्नद्रव्य तेच ओढतात. पूर्ण बंद भिंतीसारखी ताटी करू नका, वारा वरून उसळून पलीकडे जास्त जोरात आदळतो. गाळून येईल इतपत विरळ ठेवा.

९. मुळं उघडून बघणं

झाड खैऱ्याने नव्हे तर मुळाने थकलेलं असेल तर कुठलाही वाण तग सोडतो. तापी-पूर्णाकाठच्या खोल काळ्या जमिनीत पाणी दोन-तीन दिवस तुंबतं, तिथे हे आधी तपासा. झाडाच्या घेराच्या कडेला, बुंध्याजवळ नव्हे, हाताने एक फूट उकरा. पांढरी, तुटताना कटकन आवाज करणारी मुळं चांगली. साल हातात निघून येते आणि आत दोरा राहतो, तर मुळं कुजताहेत. चर काढून पाणी बाहेर काढा, बुंध्याला माती चढलेली असेल तर सांधा उघडा करा. यापुढे स्वतः औषध ओतू नका.

कुठे थांबायचं

पुढच्या कुठल्याही गोष्टीत घरचा उपाय करू नका, कृषी विज्ञान केंद्राशी बोला. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद इथे केंद्रं आहेत, धुळे आणि नंदुरबारलाही आहेत. प्रयोगशाळेची तपासणी लागली तर नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था.

पान उजेडात धरल्यावर शिरांमध्ये तुटक पारदर्शक रेषा दिसतात, किंवा वाळत्या फांदीची साल सोलल्यावर लाकडात खड्डे दिसतात: ट्रिस्टेझाचा संशय. मावा तो पसरवतो, औषध नाही, तपासणी प्रयोगशाळेतच होते. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन बाजूंचा पिवळेपणा एकमेकांशी जुळत नाही, फळ वाकडं आणि एका बाजूने हिरवं राहतं: ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाचा संशय, तो सिल्ला ही रस शोषणारी कीड पसरवते आणि तोही बरा होत नाही. जस्ताच्या कमतरतेत दोन्ही बाजू सारख्या पिवळ्या होतात, एवढा फरक लक्षात ठेवा. बुंध्यातून डिंक वाहतोय आणि साल निम्म्याहून जास्त घेर कुजली आहे. छाटणी आणि दोन हंगामांच्या फवारण्या नीट होऊनही निम्म्याहून जास्त झाडांवर नवे फोड येताहेत. आणि झाडं उपटून पुन्हा लावायचा विचार असेल तर उपटायच्या आधी, नंतर नव्हे.

नमुना नेताना १०-१५ पानं घ्या, थोडी नवी, थोडी जुनी, एक खपलीवाली काडी. खैऱ्यासाठी कोरड्या वर्तमानपत्रात, ओलं फडकं नको, बुरशी चढते. विषाणूचा संशय असेल तर ताजी पानं प्लास्टिक पिशवीत, थंड डब्यात, त्याच दिवशी. मुळासाठी झाडाच्या घेराच्या चारही बाजूंनी वीतभर खोलीवरची माती आणि बारीक मुळं मिळून पाव किलो. सोबत वहीतला बागेचा नकाशा, रोपांची पावती आणि गेल्या तीन महिन्यांतल्या फवारण्यांची तारीखवार यादी न्या. तज्ज्ञ पहिले प्रश्न त्याचेच विचारतो. नमुना काढण्याआधीच्या आठवड्यात काही फवारू नका.